मावळ्यांची लढाई आणि कबड्डीचे गुण

दिवाळीच्या आठवड्यात सोनईच्या पेठेत पणत्या आणि आकाशकंदिलांच्या शेजारी मातीचे मावळे मांडलेले असतात. ढाल-तलवारवाले, भालेवाले, बंदूकवाले, दोन-चार घोडेस्वार, एखादा हत्ती, तोफ आणि सिंहासनावर बसलेले महाराज. पोरं ते घेऊन घरी येतात, विटा-दगड रचून वर गोणपाट टाकतात, माती लिंपतात, हळीव नाहीतर मोहरी पेरतात. नेवासे तालुक्यातली काळी माती वाळली की तडकते, म्हणून तटबंदीला मुरमाड तांबडी माती कुठून तरी आणावी लागते, हे इथल्या पोरांना कोणी शिकवावं लागत नाही. किल्ला उभा राहतो, मावळे जागच्या जागी बसतात, आणि मग पुढचे चार दिवस त्यांना कोणी हात लावायचा नाही!

म्हणजे खेळ सुरू व्हायच्या वेळी आपण तो थांबवतो. युरोप-अमेरिकेत असेच बोटभर सैनिक, अशीच खोटी टेकडी, एक मोजपट्टी आणि मूठभर फासे घेऊन माणसं चार-चार तास लढाया खेळतात. या प्रकाराला टेबलटॉप मिनिएचर गेम किंवा वॉरगेम म्हणतात. त्याची सुरुवात पोराटोरांच्या करमणुकीतून झालेली नाही. प्रशियाच्या दरबारात फॉन राइसवित्झ नावाच्या सरदाराने १८१२ मध्ये राजाला असा खेळ दाखवला, आणि तोफखान्यात असलेल्या त्याच्या मुलाने १८२४ मध्ये तो सुधारून छापला. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना डावपेच शिकवण्यासाठी तो वापरला गेला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या विज्ञानकथालेखकाने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून तो घराच्या फरशीवर आणला. त्याच्या नियमांत पायदळ एका चालीत एक फूट आणि घोडदळ दोन फूट चालतं, आणि खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळी खरोखर उडवून शिपाई पाडायचा. १९८३ मध्ये इंग्लंडात ‘वॉरहॅमर’ आला, १९८७ मध्ये त्याचं भविष्यकाळातलं भावंड ‘वॉरहॅमर ४०,०००’. आज हा खेळ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तेच नाव येतं. आपला जिल्हा तर या विषयाला अगदीच परका नाही. अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतचं अहमदनगर, हे भारतीय लष्कराच्या रणगाडा दलाचं शिक्षणकेंद्र आहे, १९९४ पासून तिथे रणगाड्यांचं संग्रहालय आहे, आणि लष्करात आजही सँड मॉडेलवर, म्हणजे वाळूत उभारलेल्या छोट्या भूप्रदेशावर, मोहिमा समजावून दिल्या जातात.

विलायती मोहरे महाग पडतात, म्हणून हा लेख दिवाळीच्या मावळ्यांवरच लिहितो आहे. नवशिक्या माणसाला हा खेळ कठीण जातो तो नियमांमुळे नव्हे. नियम तासाभरात येतात. जिंकावं कसं हे कळत नाही. त्यासाठी लागणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी तुम्ही कबड्डी, खो-खो, वाघ-बकरी, मेंढीकोट खेळताना आधीच शिकलेल्या आहात. फक्त कोणता धडा कुठे लागू पडतो आणि कुठे दगा देतो, एवढं पाहायचं.

आधी घरगुती नियम. सहा फूट बाय चार फूट जागा. दोन्ही बाजूंना बारा-बारा मोहरे : आठ पायदळ, दोन बंदूकवाले, दोन घोडेस्वार. सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीत दोघांची एकेक पाळी. आपल्या पाळीत सगळे मोहरे हलवायचे. पायदळ ६ इंच, घोडा १२ इंच. मग गोळीबार : पल्ला १८ इंच, प्रत्येक बंदुकीचा एक फासा, ४ किंवा वर पडलं तर समोरचा बाद; तो तटाआड असेल तर ५ लागतात. मग हल्ला : दोन फासे टाकायचे, बेरीज होईल तितके इंच धावायचं. पोचलात तर दोघांनी एकेक फासा टाकायचा, मोठं दान जिंकलं, सारखं पडलं तर दोघे तिथेच. नाही पोचलात तर जागेवर उभे. हल्ला करायचा नसेल तर शत्रूच्या मोहऱ्याच्या १ इंचाच्या आत जायचं नाही. मैदानात तीन झेंडे. प्रत्येक फेरी संपली की झेंड्यापासून ३ इंचांत ज्याचे मोहरे जास्त, त्याला एक गुण. मोठ्या खेळांत यापेक्षा शंभरपट बारकावे असतात, पण हाडं हीच.

आता पहिली चूक सगळ्यांची ठरलेली असते : मारायला निघणं. समोर शत्रू दिसतो, हातात फासे असतात, त्यामुळे हात शिवशिवतात. समजा तुमचं सगळं सैन्य मधल्या झेंड्याकडे गेलं आणि तिथे खणाखणी सुरू झाली. समोरच्याने मध्ये थोडे मोहरे मरायला ठेवले आणि डावा-उजवा झेंडा दोन-दोन पायदळांनी धरून ठेवला. चार फेऱ्यांत तुम्ही त्याचे सात मोहरे मारले, पण गुण झाले तुमचे ४ आणि त्याचे ८. शेवटच्या दोन फेऱ्यांत तुम्ही आणखी एक झेंडा घेतलात. हिशेब : तुमचे ८, त्याचे १०. मैदानात तुमचे नऊ उभे, त्याचे तीन, आणि सामना त्याचा.

ही चूक कबड्डी खेळलेला माणूस करत नाही. निदान करू नये. चढाईला गेलेला गडी सात जणांना बाद करायला जात नाही. एकाला हात लागला की तो मधल्या रेषेकडे झेपावतो. समोर सहा किंवा सात गडी असतील तर बोनस रेषा ओलांडूनच एक गुण मिळतो, कोणाला स्पर्शही न करता. आघाडीवर असलेला संघ तीस सेकंदांची चढाई रिकामी काढतो आणि वेळ खातो, मग दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरी ‘करो या मरो’ येते. यातली प्रत्येक गोष्ट मावळ्यांच्या पटावर जशीच्या तशी उतरते. झेंडा म्हणजे बोनस रेषा. घोडेस्वार पाठवून दूरचा झेंडा एका फेरीसाठी धरला, एक गुण घेतला आणि पुढच्या पाळीत परत आणला, तर ती उत्तम चढाई. घोडा तिथेच ठेवून चार जणांच्या तावडीत सापडू दिला, तर तो गुण महाग पडला.

सुपर टॅकलचंही ध्यानात ठेवा. तीन किंवा कमी गडी उरलेल्या संघाने चढाई करणाऱ्याला पकडलं की एक गुण जादा मिळतो, आणि तिथेच चढाई करणारा बेफिकीर होतो. पटावर जादा गुण नसतो, बेफिकिरी मात्र तीच. समोरच्याचे तीनच उरलेत म्हणून त्यांच्यामागे सगळं सैन्य धावतं आणि झेंडे मोकळे पडतात.

पण कबड्डी एका जागी दगा देते. तिथे बाद झालेला गडी परत येतो. आपल्या संघाने समोरचा बाद केला की आपला एक जण उठतो. लोण पडून दोन जादा गुण गेले तरी सातही जण पुन्हा मैदानात. त्यामुळे कबड्डीपटू एकाच्या बदल्यात एक असा सौदा सहज करतो. मातीचा मावळा बाद झाला की झाला. पहिल्या दोन फेऱ्यांत गमावलेला मोहरा पुढच्या चार फेऱ्यांत झेंड्याजवळ नसतो, म्हणून सुरुवातीचा सौदा शेवटच्या सौद्यापेक्षा नेहमी महाग असतो. शेवटच्या फेरीत मात्र मोहऱ्याची किंमत जवळपास शून्य होते आणि गुणासाठी कोणालाही पणाला लावावं. कबड्डीवाल्यांना हा बदल पचायला वेळ लागतो. त्यांच्या अंगात पहिल्या मिनिटापासून शेवटचं मिनिट भिनलेलं असतं.

क्रिकेट पाहणाऱ्या प्रत्येकाला येणारी एक गोष्ट इथे फार उपयोगी पडते : लागणारा रन रेट. वरचाच सामना घ्या. दुसऱ्या फेरीअखेर गुण २ विरुद्ध ४ होते. चार फेऱ्या बाकी, फेरीला तीन गुण. त्या वेळी तुम्ही हिशेब केला असता तर दिसलं असतं की इथून पुढे दरवेळी दोन झेंडे धरले तरी २ अधिक ८ म्हणजे १० होतात, त्याचे ८. म्हणजे सामना हातात होता. तोच हिशेब चौथ्या फेरीअखेर करा : ४ विरुद्ध ८, दोन फेऱ्या बाकी. आता जिंकायचं तर दोन्ही फेऱ्यांत तिन्ही झेंडे हवेत. एका फेरीत तीन आणि एका फेरीत दोन मिळाले तर ९-९ बरोबरी. दोन फेऱ्या उशिरा जाग आली आणि सोपं काम जवळजवळ अशक्य झालं. म्हणून प्रत्येक फेरीअखेर कागदावर तीन आकडे लिहायचे : आपले गुण, त्याचे गुण, उरलेल्या फेऱ्या. मेंढीकोट खेळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. हात कितीही झाले तरी दहिल्या कोणाकडे, एवढंच ते मोजत असतात.

आता वाघ-बकरी. हा पट गावोगावी वेगळा आखतात. कुठे तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या, नेपाळच्या बाघचालमध्ये चार वाघ आणि वीस बकऱ्या. तत्त्व एकच : वाघ बकरीवरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या घरात उतरतो आणि बकरी खातो. पलीकडचं घर भरलेलं असेल तर उडी नाही. बकऱ्यांनी वाघांना हलायला जागा ठेवली नाही की बकऱ्या जिंकल्या. एकीकडे ताकद, दुसरीकडे संख्या. मिनिएचर खेळात दोन सैन्यं क्वचितच सारखी असतात, त्यामुळे माझ्या मते बुद्धिबळापेक्षा हा खेळ या कामाला जास्त जवळचा आहे.

बकऱ्यांची बाजू पहिल्यांदा खेळणारा पोरगा वाघापासून लांब पळतो. जाणता खेळाडू पळत नाही. तो वाघासमोरच्या बकरीच्या मागचं घर बुजवतो. पटावर हेच काम पडद्याच्या रांगेचं, म्हणजे मुख्य सैन्याच्या पुढे उभ्या केलेल्या मोहऱ्यांचं. समजा मावळ्याची बैठक २ इंच रुंद आहे. शत्रूला १ इंचाच्या आत यायची बंदी आहे, म्हणजे दोन मावळ्यांच्या मधून जायला त्याला स्वतःचे २ इंच आणि दोन्हीकडे एकेक, असे ४ इंच लागतात. मधली फट ४ इंचांपेक्षा जरा कमी ठेवली की दार बंद. पाच मावळे असे उभे केले तर त्यांच्या बैठका १० इंच आणि चार फटी जवळजवळ १६ इंच : दोन फुटांहून जास्त आघाडी पाच मातीच्या माणसांनी अडवली. टेप हातात घेऊन एकदा हे मांडून पाहा. नवखे लोक पाचही जणांना खांद्याला खांदा लावून उभे करतात आणि दहा इंचांत संपतात.

रांग अडवते म्हणजे मरत नाही असं नव्हे. घोडेस्वार सरळ तिच्यावर हल्ला करेल आणि एखादा मावळा पाडेल. इथे वाघ-बकरीचा दुसरा, जास्त खोल धडा. बकरी खाल्ल्यावर वाघ कुठे उतरतो? अनुभवी बकरीवाला एखादी बकरी मुद्दाम देतो, पण अशा जागी की उतरलेला वाघ कोपऱ्यात सापडावा. म्हणजे पडद्याची रांग मुख्य सैन्यापासून किती पुढे ठेवायची याचं उत्तर शत्रूच्या पल्ल्यात नाही, आपल्या पल्ल्यात आहे. घोडेस्वार रांगेला भिडून जिथे थांबेल, ती जागा आपल्या बंदुकांच्या १८ इंचांत आणि पायदळाच्या धावेत असली पाहिजे. पडदा फार पुढे गेला तर मावळा फुकट मेला. फार मागे राहिला तर घोडा पडद्यासकट मुख्य सैन्यालाच भिडला.

‘वॉरहॅमर ४०,०००’च्या गेल्या काही आवृत्त्यांत हाच प्रश्न आणखी तिखट झाला आहे. तिथे काही तुकड्या पटाबाहेर राखून ठेवतात आणि मध्येच कुठेही उतरवतात, अट एवढीच की शत्रूच्या प्रत्येक मोहऱ्यापासून ९ इंचांपेक्षा जास्त अंतर हवं. म्हणजे तुमचा एकटा मोहरा भोवताली ९ इंच त्रिज्येचं वर्तुळ राखतो. दोन मोहरे १८ इंचांवर ठेवले तर त्यांना जोडणारी रेघ बंद होते, पण रेघेच्या पुढे-मागे भोकं राहतात, म्हणून त्यांना आणखी जवळ आणावं लागतं किंवा तिसरा मागे तिरका ठेवावा लागतो. आणि मोहरा अगदी कोपऱ्यात ठेवला तर त्याच्या वर्तुळाचा चौथा भागच पटावर असतो, बाकी तीन भाग टेबलाखाली वाया. कोपरा राखायचा तर कोपऱ्यापासून चार-सहा इंच आत उभं राहायचं.

खो-खोचा धडा वेगळ्या अंगाचा आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास या खेळाचे नियम बांधले, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषकही झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलता येत नाही आणि मधली रेषा ओलांडता येत नाही. म्हणून जवळचा गडी नव्हे, तर योग्य तोंडाचा गडी उठवावा लागतो. आठ जण आलटूनपालटून उलट्या तोंडाने बसलेले असतात ते यासाठीच : पळणारा कुठल्याही बाजूला गेला तरी त्याच्या मागे कोणीतरी उठू शकतो.

मिनिएचर खेळात धावून गेलेला मोहरा पुढच्या पाळीपर्यंत अडकतो. त्याला परत वळवायचं तर आख्खी पाळी जाते. म्हणून हल्ला करण्याआधी विचारायचं : हा गेल्यावर इथे दुसरा कोण उठणार? राखीव दोन-तीन मोहरे एकाच जागी गठ्ठ्याने ठेवू नयेत, दोन झेंड्यांच्या मधोमध ठेवावेत. सहा इंच चालणारा शिपाई दोन झेंड्यांपासून बारा-बारा इंचांवर असेल तर दोन फेऱ्यांत कुठल्याही झेंड्यावर पोचतो. डाव्या झेंड्यालाच चिकटून बसला असेल तर उजव्याच्या उपयोगाचा नाही. ज्या खेळांत शिपाई ओळीत, ट्रेवर उभे असतात आणि वळायलाही इंच खर्च होतात, तिथे तर हा धडा अक्षरशः खो-खोचाच आहे.

फाशांबद्दल सारीपाटापासून लुडोपर्यंत सगळे खेळलेले लोकही भाबडे असतात. लुडोत सहाची वाट पाहणाऱ्याला वाटतं, तीनदा टाकले म्हणजे पडेलच एकदा. तीनदा टाकूनही सहा न पडण्याची शक्यता २१६ पैकी १२५, म्हणजे निम्म्याहून जास्त आहे. दोन फाशांचं गणित तर पाठच करावं, कारण आपल्या हल्ल्याची धाव त्यावर आहे. एकूण ३६ प्रकारे दोन फासे पडतात. ७ किंवा वर यायचे २१ प्रकार, ८ किंवा वरचे १५, ९ किंवा वरचे १०, १० किंवा वरचे फक्त ६. म्हणजे शत्रू ९ इंचांवर असताना धावलात तर शंभरात सुमारे २८ वेळा पोचाल. आधीच्या चालीत एकच इंच जवळ सरकला असतात तर ४२ वेळा, दोन इंच सरकला असतात तर ५८ वेळा. एका इंचाची ही किंमत कळली की माणूस टेप नीट लावायला लागतो.

गोळीबाराचंही तसंच. उघड्यावरच्या मोहऱ्यावर दोन बंदुका चालवल्या तर किमान एक गोळी लागण्याची शक्यता चारात तीन. तोच तटाआड असेल तर नऊत पाच. किल्ल्याच्या भिंतीने केलेला फरक एवढाच, पण तो दर फेरीला होतो. मोठ्या खेळांत तर एकामागून एक तीन गाळण्या लागतात. दहा गोळ्या घ्या, ३ वर लागतात, ४ वर जखम होते, समोरच्याच्या चिलखताला ५ वर वाचायची संधी. दहातल्या साडेसहा लागतात, त्यातल्या सव्वातीन जखमा करतात, आणि चिलखतातून पार होतात साधारण दोन. दहा फासे खळाखळा टाकताना मनात दहा माणसं पडलेली असतात, पटावर दोन.

यातून पाळी कोणत्या क्रमाने खेळावी हेही ठरतं. जी कामं फाशांवर अवलंबून नाहीत, ती आधी : झेंड्यावर पाऊल ठेवणं, पडदा उभारणं, राखीव सरकवणं. मग जुगाराची कामं, आणि त्यातही ज्याच्या निकालावर पुढचं काही ठरायचं आहे ते पहिलं. एक बंदूकवाला चालवून शत्रू पडला की नाही ते बघा, मग दुसऱ्याने त्यालाच मारायचं की दुसरीकडे वळायचं ते ठरवा. दोन्ही बंदुकांचे फासे एकदम टाकणारे खूप दिसतात. घाई असते.

बुद्धिबळाकडून काय घ्यावं, याबद्दल मी जरा हात राखून बोलतो. बुद्धिबळपटू या खेळात येतो तेव्हा त्याची दोन सवयींमुळे फसगत होते. तिथे मारलेलं प्यादं मेलंच, इथे पोचण्याचाच भरवसा नाही. त्यामुळे चार चाली पुढचा एकच धागा ओढत बसण्यापेक्षा ‘पोचला तर असं, नाही पोचला तर तसं’ असे दोन धागे एक-दोन फेऱ्यांपुरते धरणं जास्त कामाचं. दुसरं, तिथे पाळीला एक मोहरा हलतो, इथे सगळं सैन्य. एका वजिरावर जीव लावायची सवय इथे बारा जणांत वाटावी लागते. मात्र एक गोष्ट बुद्धिबळातून उचलावीच : चाली लिहून ठेवणं, आणि डाव संपला की हरलेल्याने-जिंकलेल्याने मिळून तो पुन्हा बघणं. प्रत्येक चाल लिहायची गरज नाही. फेरीअखेर मोबाइलवर वरून एक फोटो आणि कागदावरचे तीन आकडे पुरतात. फोटो पाहताना फासे कसे पडले ते विचारायचंच नाही, मोहरे कुठे उभे होते तेवढंच बघायचं. फाशांना शिव्या घालण्यात संध्याकाळ जाते आणि चूक तिथेच राहते.

कॅरमचं एका वाक्यात : सोंगटी घालताना स्ट्रायकर कुठे थांबेल हे जो बघत नाही त्याला पुढची सोंगटी मिळत नाही, आणि राणीला कव्हर न मिळाल्यास ती परत बोर्डावर येते. झेंड्यावर गेलेल्या घोड्यालाही पुढच्या फेरीत कव्हर द्यायला कोणीतरी लागतं.

सराव कसा करावा, हे तालमीतल्या पोरांना बरोबर कळतं. पैलवान रोज आख्खी कुस्ती धरत नाही, एकच पट पन्नासदा काढतो. पूर्ण सामना खेळायला दोन तास जातात आणि चुका एकमेकींत मिसळतात. त्याऐवजी फक्त मांडणी करा. दोघांनी बारा-बारा मोहरे मांडा, पहिल्या दोन फेऱ्या खेळा, गोळा करा, बाजू बदलून परत मांडा. दुसऱ्या दिवशी उलटं : प्रत्येकी पाच मोहरे उरलेत, गुण ६-६, दोन फेऱ्या बाकी, अशी स्थिती मांडून तेवढंच खेळा. या शेवटच्या दोन फेऱ्यांत शिकण्यासारखं सगळ्यात जास्त असतं, आणि नवखे लोक तिथपर्यंत पोचेस्तोवर दमलेले असतात, म्हणून तेवढाच भाग कधी नीट खेळत नाहीत.

एवढं हाताखालून गेलं की जिल्ह्यातली लढाई मांडायला हरकत नाही. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला निजामशाहीच्या मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेला हरवलं. शहाजीराजे त्या लढाईत अंबरकडून लढले, त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी तिथे पडले. अंबरने तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या तळाभोवती चिखल केला, हा त्या लढाईतला कळीचा डाव. पटावर तो असा आणता येतो. मोगल-आदिलशाही बाजूला अठरा मोहरे, अंबरकडे बारा. फूटभर रुंदीची मातकट कापडाची पट्टी तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीला अंबरवाल्याने त्याला हवी तिथे आडवी अंथरायची. पट्टीवर पायदळ ३ इंच चालतं, घोडाही ३ इंचच, आणि तिथून हल्ल्याला एकच फासा मिळतो. ज्याच्या फौजेत घोडे जास्त त्याला हा चिखल जास्त जाचतो, म्हणून अठरापैकी सहा घोडेस्वार ठेवा. अंबरवाल्याचा सगळा खेळ पट्टी कुठे पडेल यावर, आणि समोरच्याचा खेळ पहिल्या दोन फेऱ्यांत कोण पट्टीपलीकडे गेलेला असेल यावर.

हा डाव खो-खोसारखा दोनदा खेळावा, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, आणि दोन्हींच्या गुणांची बेरीज करावी. दोन्ही वेळा अंबरच जिंकत असेल तर त्याचे मोहरे कमी करू नका. पट्टी बारा इंचांवरून नऊ इंचांवर आणा. मोहरा कमी केला तर पडदा, राखीव, झेंडे सगळंच एकदम बदलतं आणि नेमकं कशाने काय झालं ते कळत नाही. पट्टी अरुंद केली तर फक्त मोहरे किती फेऱ्या अडकतात तेवढं बदलतं : बारा इंचांच्या चिखलात चार, नऊ इंचांच्या चिखलात तीन.